डॅनीची धून

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी आधीच सांगून टाकते. मग तुम्हालाच का? माहीत नाही. आता आत मावत नाही, एवढं खरं.

२००३ साली आम्ही डब्लिनला आलो. आयर्लंडच्या नव्हे, ओहायोतल्या. नवऱ्याला नोकरी, मला डिपेंडंट व्हिसा — म्हणजे काम करायची परवानगी नाही. पुण्यात मी व्हायोलिन शिकवायचे, लोक नावाने ओळखायचे. इथे मी कुणाची तरी मिसेस. भर दुपारी कपाटात तोंड खुपसून रडायचे मी, चिमुरड्या लेकीला, ईशाला ऐकू जाऊ नये म्हणून.

भिंतीपलीकडे मॉरीन राहायची. सत्तरी उलटलेली, मूळची आयर्लंडची. माझं व्हायोलिन ऐकून एक दिवस तिने दार ठोठावलं. तिची स्वतःची फिडल — म्हणजे व्हायोलिनच, त्यांचा शब्द वेगळा — पेटीत पडून होती. संधिवाताने बोटं वळत नव्हती. तिला एक धून कुणाला तरी देऊन ठेवायची होती. तिच्या भावाची, डॅनीची. तो विशीतच गेला. ना संसार, ना मूल. मागे ही एक धून राहिली, आणि ती फक्त मॉरीनला येत होती. लिहिलेली कुठेच नाही.

मी जमिनीवर मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून वाजवते हे पाहून ती पोट धरून हसली. मग ती गुणगुणायची, मी वाजवायचे. आणि माझी मेलीची सवय — प्रत्येक सुराला मींड! "घसरू नकोस गं, उडी मार," ती म्हणायची. हिवाळाभर उड्या मारल्या. जमलं एकदाचं. तिची अट एकच. त्यांच्यात रीतच आहे म्हणे, धून कुणाकडून आली ते वाजवण्याआधी सांगायचं. मी म्हटलं, आमच्यातही गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. तिला ते इतकं आवडलं! डॅनीचं नाव निघालं की तीही कान धरायला लागली.

मग आला मराठी मंडळाचा गणपती. मॉरीनला मीच बोलावलं. माझी शाल पांघरून ती पहिल्या रांगेत बसली होती. निवेदन करणाऱ्या काकूंनी माईकवर विचारलं, "अगं, कुठली ट्यून वाजवणार आहेस?"

काय झालं मला? हॉल भरलेला होता. किती दिवसांनी सगळे माझ्याकडे बघत होते. मी मराठीत म्हणाले, "माझीच आहे. मीच बांधलीय."

एवढंच असतं तर — नाही, थांबा, पुरतं सांगते. ते म्हणताना मी मॉरीनकडे पाहिलं आणि कानाच्या पाळीला हात लावला. मुद्दाम. डॅनीचं नाव घेतलं असं तिला वाटावं म्हणून.

तिनेही आपला कान धरला. डोळे भरून आले होते तिचे. नंतर प्रसादाच्या रांगेत माझा हात घट्ट धरून तिने विचारलं, नाव नीट सांगितलंस ना त्यांना? मी म्हटलं, हो.

पुढच्या हिवाळ्यात ती गेली. तोवर रोज भेटत होतो आम्ही. रोज! बोलायला किती वेळ लागला असता? मंडळात लोक "तुमची ती धून" म्हणून फर्माईश करत राहिले आणि मी वाजवत राहिले. नीचपणा म्हणतात तो हाच.

परवा ईशाने ती शाळेत वाजवली. उभी राहून, हनुवटीखाली धरून, एकही सूर न घसरता. मॉरीनला हवी होती तशीच. सुरू करण्याआधी तिने कानाच्या पाळीला हात लावला आणि म्हणाली, "धिस ट्यून इज फ्रॉम माय आई."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.