खिडकीच्या गजातली मेथी

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या जुन्या गल्लीत मखमलाबादकडून रोज एक भाजीवाली यायची. तिचं नाव आम्ही कधी विचारलं नाही, पण कोणाच्या घरी काय खातात ते तिला पाठ होतं. वडील अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेले, आई कपडे धूत असायची. ती हाक न मारता मेथीची जुडी खिडकीच्या गजात खोचून पुढे जायची. नाशिकला येणारे घाट बघतात, द्राक्षं नेतात. कामगारांच्या या बैठ्या घरांच्या गल्ल्या कोणी बघत नाही. राहण्यासारखं नाशिक मात्र तिथंच आहे.

हे मी नव्या इमारतीच्या सातव्या मजल्यावरून लिहितोय. घरातला पहिला पदवीधर मी, आणि त्याचा मला अभिमान आहे. गेटवरचा फलक लिहायचं काम सोसायटीने मलाच दिलं, तेव्हा छाती फुगली होती.

परवा ती भाजीवाली गेटवर दिसली. वॉचमन तिला हटवत होता.

"दादा, तुम्ही शिकलेले. काय लिवलंय वो हितं?"

"फेरीवाल्यांना आत सोडत नाहीत, मावशी."

"मंग मी फेरीवाली व्हय? तुमच्या आईला इचारा की!"

ती फलकाकडे बघत राहिली.

"अक्षर लय सुबक हाय. कोणी काढलं?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

मग तिने टोपली डोक्यावर चढवायला हात लावायला सांगितलं. तेवढं मी केलं.