मोठीमायचा पाऊस

आमच्या मोठीमायला बाराही महिने पाऊस दिसायचा. पौषातलं आभाळ घासून ठेवलेल्या परातीसारखं लख्ख असो, की वैशाखात अंगणात पाय ठेवता येऊ नये असं ऊन असो, कुणी चपला घालून उंबऱ्याशी आलं की ती हातातलं काम टाकून बाहेर येणार, डोळ्यांवर आडवा हात धरणार, आणि घरात कुणी आजारी असावं अशा आवाजात सांगणार, "बाप्पा! आता कुठी निघाले? पाऊस येऊन राह्यला ना!"

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठेबाबा ऐन तारुण्यात गेले. तिला मूलबाळ नव्हतं. मी रांगत होते तेव्हा माझी आईही गेली, आणि मी आपोआप मोठीमायच्या पदरात पडले. माझे बाबा तरी कुठे वेगळे होते! ती लग्न होऊन आली तेव्हा ते नाक पुसत फिरणारं पोर होते. त्यांना जेवू घालून तिनंच वाढवलं. म्हणून गावात बाबांना सगळे नारायणराव म्हणत, पण ती शेवटपर्यंत नुसतं 'नारायण' म्हणत असे. एवढ्या मोठ्या घरात आम्ही तिघंच.

आमचं गाव अल्लीपूरच्या अलीकडे. मध्ये एक नाला. नाला ओलांडला की अल्लीपूर, आणि तिथून वर्ध्याला मोटार. पण तो नाला ओलांडणं हेच खरं काम! त्या काळी त्यावर पूल कुठला? रस्ता म्हणजे काळ्या मातीतली बैलबंडीची चाकोरी. पावसाळ्यात बैल पोटापर्यंत चिखलात जात आणि मग चार माणसं चाकाला खांदा लावत. तेव्हा पावसाचं नाव काढलं की आमच्याकडे माणूस दोनदा विचार करी. मोठीमायनं नेमका याचाच फायदा घेतला.

तिचा अंदाज एकदा तरी खरा ठरला असेल तर शपथ. गावातल्या बायका खुशाल म्हणत, "मोठीमायनं पाऊस सांगितला काय? मग घाला वं सांडगे वाळत!" तिला त्याचं काही नव्हतं. पाऊस आला नाही की ती म्हणे, "आला असता त?" 

आणि नुसतं बोलून ती थांबत नसे. पाहुणा निघायच्या बेतात आहे असा वास आला की आधी गोळाभातासाठी डाळ भिजत घाली. मग पावसाचं काढी. मग म्हणे, "आता गोयाभाताची डाळ भिजवली. तुम्ही गेले त थे काय मी बैलाले घालू?" एकदा देवी टोचणारे एक साहेब गावात आले. अर्ध्या दिवसाचं काम. त्यांची एकच चप्पल सापडेना. दुसरी होती तिथेच, एकच गायब! साहेब दोन मुक्काम राहिले, गोळाभात खाऊन तृप्त झाले, आणि रणरणत्या उन्हात छत्री उघडून गेले. त्यांच्या मागे अख्खं गाव हसत होतं, आणि मोठीमाय दारात उभी राहून त्यांना ओरडून सांगत होती, "भिजू नका बरं!"

मला लहानपणी वाटे, हिला पावसाचं भय आहे. जाणती झाले तेव्हा कळलं की भय नव्हतंच. तिला माणसं हवी असत. जेवायला बसलेली, पाय पसरून गप्पा मारणारी, रात्री ओसरीवर घोरणारी माणसं. 'राहा ना आज' असं सरळ म्हणायला तिला संकोच वाटे. विधवेनं कुणाला कोणत्या हक्कानं थांबवायचं? म्हणून ती पावसाला मध्ये घाली. हे कळल्यावर मी तिला हसणं सोडून दिलं.

त्या वर्षी मी सातवीची फायनल पास झाले आणि वर्ध्याच्या ट्रेनिंगच्या शाळेत माझं नाव लागलं. मास्तरीण व्हायचं! आमच्या गावात मुलगी चौथीपुढे शिकली तरी लोक वळून पाहत. गुरुवारी शाळेत हजर व्हायचं होतं. न झालं तर जागा दुसरीला. बाबा नाही म्हणत नव्हते आणि हो पण म्हणत नव्हते. आधी म्हणाले, पेरणी आटपू दे. मग म्हणाले, अमावास्या जाऊ दे. हिंगणघाटचं एक स्थळ त्यांच्या मनात भरलं होतं. ही गेली नाही तर तुळशीचं लग्न झालं की हिचंही उरकून टाकू, हा त्यांचा हिशेब घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होता.

असं करता करता निघायचा दिवस आला तो नेमका बुधवार. आणि 'जाशील बुधी तर येशील कधी' हे तर तुम्हाला माहीत आहे. बुधवारी लेकीला घराबाहेर काढायचं नाही. पण आपल्याकडे प्रत्येक अडचणीला पळवाट असते. मंगळवारी सकाळी मोठीमायनं माझं लुगड्यांचं गाठोडं, वर सुपारी आणि तांदूळ ठेवून, गल्लीपलीकडच्या गिरजाबाईच्या घरी नेऊन ठेवलं. प्रस्थान ठेवलं. म्हणजे प्रवासाला निघाले ते मंगळवारीच, बुधवारी फक्त पुढची वाट चालायची. बाबा या सगळ्याला भारी मानणारे. मांजर आडवं गेलं तर शेतातून परत येणारे. तेही पाहत उभे होते.

आणि दुपारच्या आत कोतवाल डफडं वाजवत आला. "ऐका होऽ! वर्ध्याहून तार आली! दोन रोज जबर पानी सांगतलं हाये! नाल्यात बंडी घालू नका होऽ!"

वर पाहावं तर ऊन चटचटत होतं. नुसता उकाडा, पान हलत नव्हतं. बाबांनी बैलांपुढे टाकायचा कडबा तसाच खाली ठेवला. "ऐकलं?" ते म्हणाले. "आता सरकारच सांगून राह्यलं. पोरगी कुठी जात नाई." आणि त्यांच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला सांगू, सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. आता उरली मोठीमाय, आणि तिला तर जन्मभर हेच ऐकायचं होतं! तिच्या पावसावर सरकारनं शिक्का मारला होता. मला वाटलं, झालं. आता ही डाळ भिजवायला घेणार.

ती बाहेर आली. सवयीनं कपाळावर हात नेला. पण आभाळाकडे न बघता ती बाबांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"नारायण, तुले पावसाचं भेव हाये, का पोरगी जाईन याचं?"

"वहिनी, तार आली ना..."

"तार आली थे समजलं. म्या जनमभर पावसाचं नाव सांगून मानसं थांबवले. पावसाचं नाव कसं सांगतेत, थे मले नको शिकवू."

बाबा चिडून म्हणाले, "आन पोरगी वाहून गेली त?" त्यांचा आवाज कापला. तेव्हा मला कळलं की ती सबब होती, पण भीतीही खोटी नव्हती. आईनंतर त्यांच्याकडे मीच तर होते.

मोठीमायचाही सूर उतरला. "अरे, पानी आलं नाई अजून. आत्ता निघाले त पान्याच्या आंधी नाला पार. रातच्याले अल्लीपूरले राहा, सकाळी मोटारीत बसवून दे. उद्या निघतो म्हनशीन, त मीच आडवी पडीन बंडीपुढं."

"दोन दिवस पाहू वहिनी. मग ठरवू."

"आता काय ठरवतं? तिचं पस्तान झालं. पोरगी निघाली घरातून. निघालेल्या मानसाले कोनी घरात घेते का? सांग, तूच सांग."

मांजराला भिणारा माणूस प्रस्थान मोडणार होता होय! त्यांनी एकदा गिरजाबाईच्या घराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बंडी जुंपायला गेले. मी आनंदानं घरात पळणार तर मोठीमाय ओरडली, "आत पाय नको ठेवू वं! तू निघाली ना?" मग मी गल्लीत उभी आणि ती घरात. केसांना तेल, भाकरीची शिदोरी, वाटेत लागेल म्हणून गुळाचा खडा, सगळं तिनं उंबऱ्याच्या आतून हात लांब करून दिलं. गिरजाबाई हसत होती. मला मात्र त्या उंबऱ्याच्या आत जाऊन एकदा तिच्या कुशीत शिरायचं होतं. ते राहूनच गेलं.

नाल्यापर्यंत ती आमच्याबरोबर बंडीत आली. पश्चिमेकडे आता काळं दिसायला लागलं होतं. नाल्यात पाणी थोडंच होतं, पण गढूळ. वरच्या अंगाला कुठेतरी पाऊस लागला होता. बाबांनी बैल थांबवले. आणि मोठीमाय खाली उतरली, लुगडं खोचलं आणि पाण्यात शिरली.

"वहिनी!" बाबा ओरडले.

तिनं ऐकलंच नाही. पाऊस आला म्हणून आयुष्यभर दुसऱ्यांना भिववणारी ती बाई एकेक पाऊल चाचपत नाल्याच्या मध्यापर्यंत गेली. पाणी गुडघ्याच्या वर गेलं नाही. तिथेच उभी राहून तिनं हात हलवला. "घाल बंडी! माह्या उजव्या अंगानं घाल, इकडं दगड हायेत!" बैल बिचकले, मग उतरले. बंडी तिच्या शेजारून गेली तेव्हा मी वाकून तिचा हात धरला. ओला, थंड हात. म्हटलं, "मोठीमाय, तूही चल ना." ती म्हणाली, "गाय व्यायले आली वं, तिच्याजवळ कोन हाये? जा तू." आणि हात सोडवून घेतला.

आम्ही काठावर चढेपर्यंत ती पाण्यातच उभी होती. मग मागे फिरली. पलीकडच्या काठावरून तिनं काही सांगितलं, पण वारा सुटला होता, मला ऐकू आलं नाही. मी रडत होते. बाबा बैलांवर उगाच ओरडत होते.

त्या संध्याकाळी जो पाऊस लागला, तो तारेत सांगितल्यापेक्षा वरचढ. अल्लीपूरच्या ओळखीच्या घरी छपरावर पाऊस ऐकत बाबा बसून होते. सकाळी माणूस सांगत आला, नाला दुथडी आहे, पलीकडे जायचं नाव नको. आता बाबांना घरी जाता येईना. काय करतील? माझ्याबरोबर मोटारीत चढले. भिजत, धक्के खात वर्ध्याला आले. गुरुवारी ट्रेनिंगच्या शाळेत, चिखलाच्या धोतरानं, माझं गाठोडं डोक्यावर घेऊन ते दारात उभे राहिले. मोठ्या बाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "एवढ्या पावसात मुलीला घेऊन आलात! असे वडील पाहिजेत." बाबांनी ती शाबासकी बिनदिक्कत घेतली. पुढे जन्मभर तो किस्सा सांगत, आणि दर खेपेला पावसात भर पडे.

मागे मोठीमाय त्या घरात एकटी होती. हे मला दिवाळीच्या सुटीत गिरजाबाईनं सांगितलं. गाय त्याच पावसात व्याली, रात्रभर अडली होती, मोठीमायनं एकटीनं निभावलं. गिरजाबाई म्हणाली होती, आमच्याकडे निजायला या. तर आली नाही. रोज सकाळी पोतं डोक्यावर घेऊन नाल्यापर्यंत जायची, पाणी बघायची आणि परत यायची. पोर पोचली की नाही हे तिला सांगायला पलीकडून कुणी येऊ शकत नव्हतं. मी मोठीमायला विचारलं तर म्हणाली, "वासरू पाह्यलं का? कसं पांढरंफेक निंगालं!"

पुढे मी मास्तरीण झाले. पगार, खोली, वर्ध्यातली शाळा, पोरींच्या गलक्यात भरलेले दिवस, सगळं मिळालं. सुटीत घरी जायची. मोठीमायचा खाक्या तोच. भाचा निघाला, पाऊस. कासार निघाला, पाऊस. लमाणाची बाई मीठ विकून निघाली, तिलाही पाऊस. आणि मी निघाले की ती माझी पिशवी स्वतः उचलून बंडीत ठेवायची. "नीघ वं, मोटार चुकन." बस्स! मी मुद्दाम रेंगाळायची. एक पाय बंडीत ठेवून आभाळाकडे बघायची. भरून आलेलं असे, गडगडत असे, तरी ती म्हणे, "काई येत नाई पाऊस. जा."

ती गेली तेव्हा मी वर्गात शिकवत होते. निरोप आला तो दुसऱ्या दिवशी. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. ओसरीवर माणसं बसली होती, खूप माणसं, तिला आवडली असती इतकी. आजही जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या दिवसांत माझ्या खिडकीत ढग दाटतात. मी एकटी चहा पीत बसते आणि वाटतं, कुणीतरी बाहेरून यावं, आणि मला कुठेही जायचं नसताना म्हणावं, कुठी निघाली? थांब.

ती गेली त्याच्या आदल्या दिवाळीत मी तिच्याशी भांडले होते. पाडवा आटपून निघाले होते, आणि माझ्याच बंडीतून अल्लीपूरपर्यंत येणाऱ्या एका म्हाताऱ्या पाहुणीला ती हाताला धरधरून थांबवत होती. माझी पिशवी मात्र केव्हाच बंडीत! मला इतका राग आला. म्हटलं, "साऱ्या दुनियेले थांब म्हनतं. मले एकदा तरी म्हटलं का? मी काय तुही सावत्र हावो?"

तिनं पाहुणीचा हात सोडला. माझ्याजवळ आली. माझ्या पदराला लागलेलं गवताचं कुसळ काढत म्हणाली, "ते कोनी थांबत नाईत वं. म्हून त्यायले म्हनते."

"आन मले?"

"तू थांबशीन."

खरं सांगते, थांबले असते.