भागाकाराचा रकाना

आनेकलच्या त्या शेडमध्ये गोजराबाईने तेवीस वर्षांत गिझरच्या किती कॉइली तपासल्या, ते तिला विचारू नका. "मोजत बसले असते तर तपासल्या कधी असत्या?" असं म्हणून ती तुम्हाला वाटेला लावेल. काम तेच आणि तेच. कॉइलला वीज जोडायची, एका मीटरवर व्होल्ट वाचायचे, दुसऱ्यावर अँपिअर, आणि वहीत चार रकाने भरायचे. सातवी पास बाईला जुन्या फोरमनने, गुंडो अण्णांनी, एवढं शिकवलं होतं: दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की वॅट येतात, म्हणजे पाणी किती जोरात तापेल ते. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम येतात, म्हणजे तारेचा अडसर किती ते. "गुणाकार लायनीतल्या विजेवरही हलतो, अक्का. भागाकार फक्त कॉइलचं सांगतो," असं अण्णा सांगायचे.

अण्णा गेले. तीन महिन्यांपूर्वी नवं यंत्र आलं. त्यावर वॅटचा लाल आकडा हा एवढा मोठा, आणि व्होल्ट-अँपिअर खाली मुंगीच्या अक्षरात. एकोणीसशेच्या वर पास, खाली नापास. गोजराबाई खरं सांगायचं तर सुखावली. गुडघे गेलेले, बसमध्ये उभं राहून कंबर मोडलेली, निवृत्तीला आठ महिने उरलेले. आता कुणी कशाला भागाकार करत बसावं? भागाकाराचा चौथा रकाना त्या दिवसापासून कोरा राहिला.

आणि त्याच दिवसांपासून गंगव्वाच्या कॉइली नापास व्हायला लागल्या.

गंगव्वा बेळगावकडची, गोजराबाईची चौदा वर्षांची डब्याची सोबतीण. दुपारच्या पाळीत तार गुंडाळायची. तिच्या हाताला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती, आणि आता रोज तिच्या दहा-दहा कॉइली चौदाशे, पंधराशे वॅटला अडकायच्या. सकाळपाळीच्या मात्र सगळ्या पास. बिचारी गुपचूप ऐकून घ्यायची. हाताची बोटं तारेने कापेपर्यंत वेटोळी पुन्हा पुन्हा मोजायची.

शुक्रवारी संध्याकाळी आशय सर कागद घेऊन आले. पुण्याचा इंजिनिअर, पोरगा वाईट नाही, घाईत असतो एवढंच. "मावशी, ही तीन महिन्यांची रिजेक्शन लिस्ट. टेस्टिंग तुमचं, सो साइन तुमची लागेल. सोमवारपासून गंगव्वांना कामावरून बंद करतोय. आय नो, तुमची मैत्रीण आहे. पण डेटा समोर आहे ना."

गोजराबाईने पेन घेतलं. सही करायची आणि सव्वापाचची बस पकडायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं. यादीत पहिलीच ओळ होती: १९८ व्होल्ट, ७.५ अँपिअर, १४८५ वॅट. तेवीस वर्षांची खोड ती. हाताने आपसूक समासात भागाकार मांडला. उत्तर आलं सव्वीस पूर्णांक चार.

सव्वीस पूर्णांक चार म्हणजे चोख कॉइल. तिने खालची ओळ भागली. तेच. त्याखालची, तेच. व्होल्ट तेवढे सगळीकडे दोनशेच्या आत, आणि वेळ प्रत्येक ओळीला दुपारी दोननंतरची. शेजारच्या शेडमध्ये तीन महिन्यांपूर्वी विजेची भट्टी बसली होती, ती दोनला सुरू व्हायची. पंखे मंदावायचे ते सगळ्यांना दिसायचं. सगळे पंख्याला शिव्या द्यायचे.

कॉइलीत काही खोट नव्हती. लायनीतली वीजच तोकडी होती.

गप्प बसून सही केली असती तरी कुणाला कळलं नसतं. बोललं तर दोष तिच्याच कोऱ्या रकान्याचा, हे उघड होतं.

"सर, सही नाही करत मी," ती म्हणाली आणि समास त्यांच्यापुढे सरकवला.

आशयने फोनवर आकडे पुन्हा केले, एकदा, दोनदा. त्याचे कान लाल झाले. "मग मावशी, तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?"

"भागाकारच केला नव्हता. कंटाळा आला होता मला."

शनिवारी सकाळी आठला दोघांनी नापासाच्या ढिगातली एक कॉइल यंत्राला लावली. २३० व्होल्ट, ८.७ अँपिअर. लाल आकडा दोन हजार एकवर येऊन थांबला. दुसरी लावली, तिसरी लावली. आशय सरांनी यादी फाडली आणि बाराला पाळीवर आलेल्या गंगव्वाला स्वतः जाऊन सॉरी म्हणाले.

जेवायला दोघी नेहमीसारख्या जिन्याखाली बसल्या. गोजराबाईने भाकरीला हात न लावता सगळं सांगितलं, रकान्याचंही. मग गंगव्वाने नाकावरचा चष्मा काढला. गेल्या महिन्यात बाजारातून तयार घेतलेला, जाड काचांचा, तिला सतत टोचणारा.

"कॉइली चुकायला लागल्या, वाटलं डोळे गेले. म्हणून घेतला, अक्का," ती म्हणाली. "नातीचे केस विंचरायचं पण सोडलं मी. म्हटलं, उगीच कुठं लागेल पोरीला."

गंगव्वाने चष्मा डब्याच्या पिशवीत ठेवला आणि उघड्या डोळ्यांनी गोजराबाईकडे बघितलं, चांगलं निरखून.

"सगळं साफ दिसतंय की गं," ती म्हणाली, आणि उठून आपल्या तारेकडे गेली. डबा तिने उघडलाच नव्हता.