विहीर देत नाई

अकोल्याच्या स्टेशनजवळ विलायती कंपनीला कापसाच्या गाठी बांधायचा कारखाना काढायचा होता. मी कंपनीच्या साहेबाचा दुभाष्या. हवी होती ती जागा एका माळिणीच्या मळ्याची होती. आम्ही गेलो तेव्हा ती वांगी तोडत होती. तिनं पदराला हात पुसले, पण उठली नाही.

"जमीन भाड्यानं घ्या. विहीर देत नाई."

"बाई, विकलं तर खूप पैसा मिळेल."

"पैसा मलेबी समजते, बाबू. पन याची वाफेची मशीन पाण्याबिगर चालते काय? इचारा त्याले."

मी विचारलं. साहेबानं विहिरीकडे पाहिलं, अन् मोठ्यानं हसला.

कारखान्याचा पहिला भोंगा वाजला, तेव्हा बॉयलरमध्ये तिच्याकडून विकत घेतलेलं पाणी उकळत होतं. ती रस्त्यानं आली, अन् साहेबानं टोपी काढली. वऱ्हाडात त्याला तसं करताना मी तेवढंच एकदा पाहिलं.