अबोलीच्या ओळी

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... भुताखेतांवर तर आजही नाही. ग्वाल्हेरला थाटीपुरात राहतो, सगळी हयात सरकारी नोकरीत गेली. तरी हे लिहितोय, कारण यात माझी चूक आहे आणि ती मी अजून चारचौघांत कबूल केलेली नाही.

वीसेक वर्षांपूर्वी इथल्या मराठी घरांचा एक ऑनलाइन ग्रुप होता. तो मी चालवायचो. सगळे टोपणनावांनी लिहायचे. ग्रुप बंद पडला, पण गप्पा मी जपून ठेवल्या होत्या. मागच्या वर्षी गणपतीत हौस आली आणि त्यांची फाइल करून मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. खरी नावं, फोन नंबर, सगळं तपासून काढलं होतं.

फाइल वाचून बायको म्हणाली, "अहो, नावं काढलीत, पण बेडई तशीच ठेवलीत की!"

'अबोली' या टोपणनावाने एकीने लिहिलं होतं — आमच्याकडे महालक्ष्म्यांना पुरणपोळीबरोबर बेडई लागते. उडदाच्या डाळीची ती पुरी म्हणजे इथली दुकानातली न्याहारी. देवीच्या पानात ती वाढणारं मराठी घर शहराच्या अख्ख्या लश्कर भागात एकच... कुसुमताईंचं. आणि त्याच्याच खाली अबोलीने लिहिलं होतं, की नवरा हात उचलतो, मुलाला घेऊन इंदूरला भावाकडे निघून जावंसं वाटतं.

नवरा आता हयात नाही. मुलगा विनय वडिलांना देव मानतो.

कुसुमताईंचा फोन आला. "भाऊजी, मी तुमच्या भरवशावर लिहिलं होतं. विनय बोलत नाही माझ्याशी. म्हणतो, बाबांची इज्जत चौकात टांगलीस."

"मी काढून टाकतो, ताई."

"किती फोनांतून काढाल?"

यंदाही त्यांनी महालक्ष्म्यांचं जेवायला बोलावलं. पानात पुरणपोळी होती, बेडई नव्हती. न राहवून मी विचारलंच.

"नाही केली," त्या म्हणाल्या. "ओळख पटते हो तिच्यावरून."

विनय वाढत होता. त्याने मान वर केली नाही.

घरी आलो आणि निदान आपली कॉपी तरी पुसावी म्हणून फाइल उघडली. अबोलीच्या सगळ्या ओळी कोऱ्या! नाव आहे, वेळ आहे, खाली काही नाही. बाकीच्यांचं अक्षर न् अक्षर जागेवर. बायकोच्या फोनमध्ये तेच. मंडळात फोन केले — तेच. कपाटातली जुनी सीडी लावली... तिच्यातही तेच.

जावई कॉम्प्युटरमधले. म्हणाले, "बाबा, फाइल खराब होती तो सब जाता. एकाच माणसाचं कसं जाईल?"

मग विनयचा फोन. "काका, आपने हटाया क्या?"

"नाही रे."

"फोनमधून गेलं, काका. मला पाठ झालंय, त्याचं काय?"

ओळी कशा गेल्या, हे आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. फाइल मात्र मी पुसली नाही. त्या कोऱ्या जागेखाली माझं तेव्हाचं उत्तर अजून तसंच आहे —

"निश्चिंत राहा, ताई. इथलं बाहेर जाणार नाही."