मी वरूनच बघितलं

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर आमची बटालियन काश्मीर खोऱ्यात होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. काम रोज एकच. गाड्यांचा ताफा निघण्याआधी आपल्या हद्दीतला रस्ता पायी तपासायचा. याला आरओपी म्हणतात, रोड ओपनिंग पार्टी. आमच्या वाट्याला सहा पुलिया होत्या. पुलिया म्हणजे रस्त्याखालची मोरी. नियम साधा होता. एकाने वरून कव्हर द्यायचं, दुसऱ्याने खाली उतरून आत बघायचं, मग वायरलेस सेटवर रिपोर्ट. ताफा जाईपर्यंत प्रत्येक पुलियावर एक जवान बसवायचा. उतरायच्या पाळ्या लावल्या होत्या. त्यात मीही होतो.

लान्स नायक बाळू माझ्याच तालुक्यातला, उमरठच्या पलीकडच्या एका वाडीचा. मी पोलादपूरजवळचा. चौघांत तो मला उस्ताद म्हणायचा, दोघंच असलो की दादा.

त्या आठवड्यात शेजारच्या कंपनीचा एक जवान पुलियाखाली उतरला तो परत वर आला नाही. त्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळी ७.४० ला, चार नंबर पुलियावर माझी पाळी आली.

मी दोन पावलं उतरलो. आत काळोख होता. पाय पुढे जाईनात. तिथेच उकिडवा बसलो. तपासायला लागतो तेवढा वेळ घड्याळात बघून काढला आणि वर आलो.

"चार नंबर?" सेटवर विचारणा झाली.

"चार नंबर क्लिअर. ओव्हर."

बाळूला तिथे बसवून आम्ही पुढे गेलो. ८.५५ ला ताफ्यातली दुसरी गाडी पुलियावर आली आणि स्फोट झाला. गाडीतले तिघे जखमी झाले. बाळू जागीच गेला.

चौकशीत मी सांगितलं, खाली उतरून बघितलं होतं. कोणी शंका घेतली नाही. तालुका एकच, म्हणून शवपेटीबरोबर मलाच पाठवलं. बाळूच्या बापाने माझा हात धरून विचारलं, "तरास झाला का रे त्याला?"

"नाय," मी म्हटलं. तेवढंच खरं होतं.

दोन वर्षांनी आईला अर्धांगवायू झाला. मी पेन्शन घेऊन गावी आलो. आईसाठी आलो हे खरं. रस्त्यांपासून पळालो हेही खरं.

सतरा वर्षांत गावाला मी परका झालो होतो. जवळ केलं ते फौजेतून परतलेल्या पाच जणांनी. त्यांतले म्होरके सुभेदार आबा. आईला महाडच्या दवाखान्यात न्यायचं असलं की न सांगता सगळे दारात हजर. आई वाकड्या तोंडाने हसायची. "एकट्याला धाडला व्हता, अख्खी फौज घेऊन आलास की रे!"

या पाच जणांचा एक रिवाज होता. पावसाळ्यात, सकाळी सातची मुक्कामाची एसटी सुटण्याआधी, गावचा घाटरस्ता वाटून घेऊन पायी तपासायचा. एका वर्षी एसटीपुढे दरड आली, तेव्हापासून सुरू झालेला. गाडीत हायस्कूलची पोरं असत, एमआयडीसीत कामाला जाणारी माणसं असत. आबा त्यालाही आरओपीच म्हणायचे.

"हवालदार, वळणावरची मोरी तुझी," आबांनी फर्मावलं.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? मी रोज जायचो, कठड्यावरून वाकायचो आणि हात वर करायचो. क्लिअर.

"काय ओ हवालदार," फौजेत ट्रक चालवलेला, एसटीएवढा आवाज असलेला आमच्यातला गणपत म्हणायचा, "बूट भिजतील म्हणून वरूनच सलाम?" सगळे हसायचे. मीही हसायचो.

तिसऱ्या पावसाळ्यात दोन दिवस धार तुटली नव्हती. साडेसहाला मी हात वर केला. आबांनी शिट्टी मारली. रस्ता मोकळा.

मग माझ्या लक्षात आलं, की डोंगराच्या बाजूला पाणी तुंबलंय. झाडोऱ्याने मोरीचं तोंड बुजलं होतं. दरीच्या बाजूला मात्र लाल पाणी जोरात पडत होतं. मोरी बंद, तर हे येतं कुठून? वर गावात एसटीचा हॉर्न वाजला.

पाय पुन्हा तसेच थांबले. अगदी तसेच. मी खाली बसलो आणि बसूनच घसरत उतरलो. बघितलं. डांबराखालचा भराव वाहून गेला होता. वर नुसतं छप्पर राहिलं होतं.

चढावर कसा पळालो आठवत नाही. हात पसरून एसटीपुढे उभा राहिलो. ब्रेक किंचाळले.

"मरायचंय काय ओ?" एसटीचा ड्रायव्हर ओरडला. पंधरा मिनिटांनी रस्त्याचा तो तुकडा आपोआप खाली बसला. मग ड्रायव्हरने माझे हात धरले. लोक शाबासकी देऊ लागले.

आबांनी मला बाजूला घेतलं. "तू हात वर केला व्हतास."

"हो."

"खाली उतरला व्हतास?"

"नाय. कधीच नाय उतरलो." आणि मग पावसात उभ्याउभ्या चार नंबर पुलियाचंही सांगितलं. पाचही जण ऐकत होते. गणपत जमिनीकडे बघत होता.

आबांनी शिट्टी खिशात ठेवली. मग म्हणाले, "आमाला सांगून काय उपेग? बाळूचा बाप हाय अजून."

पाऊस ओसरल्यावर गेलो. आबा बरोबर आले, पण बांधावरच थांबले. मी अंगणात उभं राहून सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं.

"किती खोल व्हती रे ती मोरी?"

मी कमरेला हात लावून दाखवलं.

"एवढीच?"

"एवढीच."

तो उठून आत गेला. परत बाहेर आला नाही. आम्ही निघालो.

मोरी अजून माझ्याकडेच आहे. रोज खाली उतरतो. भीती रोज वाटते.

बाळू तेवीस वर्षांचा होता. सुट्टीवरून येताना नाचणीचे पापड आणायचा आणि सेक्शनभर वाटायचा. एक गोष्ट त्या दिवशी अंगणातही माझ्या तोंडून निघाली नाही, ती इथे लिहितो. पुलियावर बसण्याआधी त्याने मला हळूच विचारलं होतं, "दादा, खाली बघितलंस ना?"

"बघितलं," मी म्हटलं.

बाळूने रायफल मांडीवर घेतली आणि निवांत बसला.