घरमालकीणबाई आणि जमिनीखालची वीज

आमच्या घरमालकीणबाईंइतकं मन लावून चिडणारं माणूस सगळ्या मराठवाड्यात दुसरं नसेल. इतरांना चिडायला काहीतरी घडावं लागतं. बाई घडायच्या आधीच तयार असत. दूधवाल्यानं घंटी एकदा वाजवली तर ‘याला एवढी कसली घाई’, आणि दोनदा वाजवली तर ‘मी काय बहिरी आहे’. ढग येऊन न बरसताच गेले की त्या अंगणात उभ्या राहून ढगांनाही सुनवायच्या. यजमान कचेरीत कारकून होते. ते गेल्यावर बाईंनी वरची खोली मला भाड्यानं दिली. मी तेव्हा वाळूजला कारखान्यात होतो. माझी शिफ्टची बस चुकली की बाई मला सोडून बसवाल्यावर चिडायच्या. त्यांची माया ही अशी होती.

ती दुष्काळाची वर्षं. जायकवाडीचं पाणी तळाला गेलेलं, आणि शहर मात्र चिकलठाण्याच्याही पुढं पसरत चाललेलं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही अंगणातल्या हौदापुरतं; तिथून मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. नेमकं त्याच उन्हाळ्यात वीज कंपनीनं गल्लीतल्या जुन्या तारा काढून जमिनीखालून केबल टाकायचं काम काढलं. कोपऱ्यावर सूचना लागली: वीज बंद राहील, रस्ता खोदला जाईल, मीटर घराबाहेर येतील, रहिवाशांनी सहकार्य करावं. बाईंनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली. म्हणाल्या, “काय काय सोसायचं ते सगळं लिहिलंय. संपणार कधी, तेवढंच राहिलं.”

आणि खरं सांगायचं तर त्यांचा संताप रास्त होता. फाटकासमोर कमरेइतका चर खणून माणसं गायब झाली ती झालीच. भाजीची गाडी यायची बंद झाली. म्हाताऱ्या माणसांना फळीवरून तोल सावरत घरात शिरावं लागे. केबलचं भलंमोठं रीळ बाईंच्या भिंतीला टेकून बसलं, जावई येऊन बसावा तसं. विचारावं तर ठेकेदार कंपनीकडं बोट दाखवी आणि कंपनी ठेकेदाराकडं. त्यात कळलं की वीज दिवसभर बंद राहणार तो दिवस नेमका पाण्याचा.

बाई मला घेऊन थेट वीज कचेरीत गेल्या. इंजिनिअर लातूरकडचा तरुण पोरगा होता.

“साहेब, पाण्याच्याच दिवशी तुम्ही वीज घालवणार. मोटर मी फुंकर मारून चालवू का?”

“मावशी, माणसं त्याच दिवशी मिळतायत. आणि तुमची तार जुनी झालीय, नव्या घरांचा लोड तिला झेपत नाही.”

“माझ्या लग्नापासून आहे ती. तिला काही झालेलं नाही.”

शेवटी तो नमला. आधी टाक्या भरू द्यायच्या, मग वीज बंद. तरी बाईंचं समाधान नाही. “तुम्ही स्वतः येऊन बसा,” त्यांनी फर्मावलं.

तो बिचारा खरंच आला. ओसरीत खुर्चीवर बसला. पाणी सकाळी यायचं, ते आलंच नाही. बाईंनी चहा दिला, मग पोहे, आणि दुपार झाल्यावर, शत्रू झाला तरी उपाशी कसा ठेवायचा म्हणून, ताटही वाढलं. बाहेर मजूर लिंबाखाली ताटकळत होते. मुकादम फाटकाशी येऊन म्हणाला, “मावशी, लई येळ झाला. करू का सुरू?” बाई म्हणाल्या, “हात लावून बघ.” तो परत लिंबाखाली गेला.

ऊन कललं तेव्हा नळ खळखळला. हौद भरले, आणि सगळ्या गल्लीनं एकदम मोटरी लावल्या. पाच मिनिटंही झाली नसतील, कोपऱ्यावरच्या तारेतून ठिणग्या उडाल्या आणि ती तुटून चरात पडली. मुकादमानं ओरडून सगळ्यांना मागं हटवलं, कुणीतरी धावत जाऊन डीपीवरून वीज तोडली. कुणाला काही झालं नाही. मोटरी बंद पडल्या.

सगळे बाईंकडं बघू लागले. आज तरी या गप्प बसतील, असं मला वाटलं. त्यांनी तारेकडं पाहिलं, मग इंजिनिअरकडं.

“एवढी वाईट झाली होती, तर आधीच का नाही बदलली? इतके दिवस काय करत होता?”

इंजिनिअरनं हात जोडले. त्याला हसू आवरत नव्हतं.

पण हौदात पाणी होतं आणि टाक्या कोरड्या. शेजारी वरच्या मजल्यावर बाळंतीण होती. बाईंनी आपल्या हौदाचं झाकण उघडलं आणि मजुरांना जिन्यावर रांगेत उभं केलं. बादल्या हातोहात वर चढू लागल्या. पहिल्या सगळ्या बाळंतिणीकडं. इंजिनिअरनंही बाह्या सरसावल्या. बाई खालून प्रत्येकावर खेकसत होत्या, “सांडू नका, पाणी आहे ते.” मजुरांची कळशी मात्र त्यांनी स्वतः काठोकाठ भरून दिली.

नवी केबल टाकून झाली, चर मात्र पुढं कितीतरी दिवस उघडाच राहिला. त्यामुळं इंजिनिअर येता-जाता बाईंची बोलणी खायला थांबायचा, आणि बोलणी झाली की चहा. मग त्याची बदली झाली. सांगायला आला, तर बाई कंपनीवर अशा संतापल्या की चहा करायचं विसरल्या. जाताना चिवड्याचा डबा त्याच्या हातात कोंबला आणि त्याची मोटरसायकल वळेपर्यंत फाटकाशी उभ्या राहिल्या.

नवा इंजिनिअर फार सज्जन निघाला. फोन उचलायचा, वेळेवर माणूस पाठवायचा. मी बाईंजवळ त्याचं कौतुक केलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

“चांगलाय,” त्या म्हणाल्या. एक खडा बाजूला टाकून, मान वर न करता, पुढं म्हणाल्या, “पण याला काही बोलावंसं वाटत नाही.”